अदृश्य रेषा, संगणकीय आरेखनातील

अदृश्य रेषा, संगणकीय आरेखनातील : अभियांत्रिकी आरेखात वस्तूच्या ज्या कडा पाहण्याच्या दिशेने तिच्याच इतर भागांमागे दडलेल्या असतात, त्या दाखविणाऱ्या तुटक रेषांना अदृश्य रेषा म्हणतात. संगणकावर घन प्रतिमानापासून पुरोदृश्य, अधिदृश्य, पार्श्वदृश्य इ. दृश्ये तयार करताना यांपैकी कोणत्या रेषा आरेखात येऊ द्यावयाच्या व कोणत्या गाळावयाच्या, हे आरेखकाला ठरवावे लागते. कोणती कडा झाकली गेली आहे हे संगणक गणिताने अचूक सांगतो. ती वाचकाला हवी आहे की नाही, हे त्याला सांगता येत नाही.

लंबप्रक्षेपाची शास्त्रीय मांडणी फ्रेंच गणिती गास्पार माँझ (१७४६–१८१८) यांच्या वर्णनात्मक भूमितीने झाली. हाताने आरेख काढण्याच्या काळात प्रत्येक तुटक रेषेला श्रम पडत, त्यामुळे अनुभवी आरेखक अर्थबोधास आवश्यक तेवढ्याच रेषा काढी. संगणकाने ही स्थिती उलटी केली. आता सर्व अदृश्य रेषा एका आज्ञेने फुकट मिळतात आणि आरेखकाचे श्रम त्या कमी करण्यात खर्च होतात.

दृश्यता ठरविण्याचे गणित : तारेच्या सांगाड्यासारख्या चित्रातून झाकलेल्या रेषा काढून टाकण्याची पद्धत लॉरेन्स रॉबर्ट्‌स यांनी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील १९६३ च्या आपल्या प्रबंधात मांडली. आर्थर ॲपेल यांनी १९६७ मध्ये त्यापुढची एक उपयुक्त कल्पना सुचविली. कडेवरील एखाद्या बिंदूच्या पुढे वस्तूची किती पृष्ठे आडवी येतात ती संख्या मोजावयाची; ती शून्य असेल तर बिंदू दृश्य, एरवी अदृश्य. कडेवरून पुढे सरकताना ही संख्या मुख्यतः एखाद्या पृष्ठाच्या बाह्यरेषेमागून जातानाच बदलते, म्हणून प्रत्येक बिंदू तपासावा लागत नाही. कडेचे दृश्य व अदृश्य तुकडे अशा रीतीने वेगळे झाले की पहिले अखंड आणि दुसरे तुटक रेषेने काढता येतात किंवा दुसरे अजिबात गाळता येतात.

संकेत : शाळा-महाविद्यालयांतील आरेखनासाठी भारतीय मानक ब्यूरोने काढलेल्या एसपी ४६ (१९८८) या पुस्तिकेत अदृश्य कडांसाठी जाड किंवा बारीक तुटक रेषा चालत असे, मात्र एकाच आरेखात एकच प्रकार वापरावयाचा असे. आयएसओ १२८ या आंतरराष्ट्रीय मानकात तुटक रेषेतील तुकड्याची लांबी रेषेच्या जाडीच्या १२ पट व फट ३ पट धरली आहे. म्हणजे ०·२५ मिमी. जाडीच्या रेषेत ३ मिमी.चा तुकडा व ०·७५ मिमी.ची फट येते. दृश्य कडा आणि अदृश्य कडा एकावर एक आल्यास दृश्य कडाच काढतात. अदृश्य कडा व मध्यरेषा एकत्र आल्यास अदृश्य कडेला अग्रक्रम मिळतो.

निवड : यंत्राच्या दंडाला आधार देणारा एक ओतीव ठोकळा उदाहरणादाखल घेता येईल. दंडाचे भोक समोरून मागे आरपार गेलेले आहे. तळपट्टीत बोल्टांसाठी चार आरपार भोके, माथ्यावरून दंडाच्या भोकात उतरणारे वंगणछिद्र आणि मागील बाजूने २० मिमी. खोल, आरपार न जाणारे व आटे पाडलेले एक भोक आहे. पुरोदृश्यात बोल्टांच्या पुढील व मागील भोकांच्या तुटक रेषा एकावर एक पडतात. त्यांवरून भोके दोन की चार हेही कळत नाही. ती अधिदृश्यात वर्तुळरूपाने स्पष्ट दिसतात व आरपार असल्याची टीप पुरेशी होते, म्हणून या रेषा गाळणे योग्य. वंगणछिद्राची गोष्ट निराळी आहे. अधिदृश्यात ते केवळ एक वर्तुळ असते. ते दंडापर्यंत पोहोचते हे पुरोदृश्यातील दोन तुटक रेषांवरूनच समजते. त्या गाळल्या आणि छिद्र वरच्या वर थांबले, तर दंड कोरडा फिरून तापतो. मागील भोक तर पुरोदृश्य व अधिदृश्य या दोहोंतही झाकलेले असते. सरसकट सर्व अदृश्य रेषा बंद केल्यास कारागिराच्या दृष्टीने ते अस्तित्वातच नसते. पार्श्वदृश्यात मात्र सगळ्याच तुटक रेषांची गर्दी होते. तेथे तुटक रेषांशी झगडत बसण्यापेक्षा छेददृश्य घेणे केव्हाही श्रेयस्कर. छेददृश्यात छेदप्रतलामागील अदृश्य रेषा सामान्यतः दाखवीत नाहीत. अदृश्य रेषेपासून माप देणेही शक्यतो टाळतात.

नियंत्रणाच्या पातळ्या : बहुतेक संगणकीय प्रणालींत संपूर्ण दृश्यासाठी अदृश्य रेषा दाखविणे अथवा गाळणे हा पहिला पर्याय असतो. जोडणीच्या आरेखात निवडलेल्या एखाद्याच भागाच्या अदृश्य कडा दाखविता येतात, उदा., गिअरपेटीचे कवच रेषाविरहित ठेवून आतील एकच दंड तुटक रेषांनी उमटविता येतो. काही प्रणालींत एकाच भागातील विशिष्ट भोक किंवा खाच निवडून तेवढ्याच्याच कडा दाखविता येतात. सर्वांत खालची पातळी सुट्या कडेची. ती मोहक असली तरी धोक्याची आहे. दृश्य हे प्रतिमानाशी जोडलेले असते; प्रतिमान बदलले की कडा नव्याने घडतात व त्यांची आंतरिक ओळख बदलू शकते. मग हाताने लपविलेली रेषा परत उमटते किंवा मुद्दाम दाखविलेली नाहीशी होते, आणि आरेखाची नवी आवृत्ती कोणी तपासण्याआधीच कारखान्यात पोहोचते. यासाठी भाग किंवा भोक यांच्या पातळीवरच निवड करणे व सुट्या कडेला हात लावण्याची वेळ क्वचितच येऊ देणे हिताचे ठरते.

वक्र पृष्ठे एकमेकांत गुळगुळीत मिसळतात तेथील स्पर्शकडांचा प्रश्न वेगळा आहे. त्या झाकलेल्या नसतात, परंतु खऱ्या धारही नसतात. म्हणून त्या बारीक अखंड रेषेने व बाह्यरेषेला न टेकविता दाखवितात किंवा गाळतात. अदृश्य आट्यांचे शिखर व तळ दोन्ही बारीक तुटक रेषांनी काढतात. हजारो भागांच्या जोडणीत अदृश्य रेषांचे गणन वेळखाऊ असल्याने काम चालू असताना त्या बंद ठेवून अखेरीस आवश्यक त्या दृश्यांतच चालू करतात.