बालकांचे अवधान, प्रारंभिक वाचन आणि अनुवंश

‘अनुवंश श्रेष्ठ की परिस्थिती?’ हा शिक्षणशास्त्राच्या प्रश्नपत्रिकांतील जुना प्रश्न आहे. प्रश्नाची ही मांडणीच सदोष कशी, हे प्रस्तुत लेखात बालवाचनाच्या एका अभ्यासाच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

ब्रायन बर्न, रिचर्ड ओल्सन, स्टीफन सॅम्युएलसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलिया, अमेरिकेतील कोलोरॅडो आणि नॉर्वे-स्वीडन येथील जुळ्या मुलांचा शालापूर्व वयापासून पाठपुरावा केला. समरूप जुळ्यांची जनुकीय घडण जवळजवळ एकच असते. भिन्न जुळ्यांत ती सख्ख्या भावंडांइतकीच समान असते. घर मात्र दोन्ही प्रकारच्या जोड्यांना सामाईक. म्हणून समरूप जुळी एखाद्या गुणात भिन्न जुळ्यांहून जितकी अधिक सारखी, तितका त्या गुणातील व्यक्तिभेदांत अनुवंशाचा वाटा मोठा मानला जातो.

शाळेपूर्वीच्या अक्षरओळखीत व शब्दसंग्रहात घरच्या वातावरणाचा प्रभाव ठळक आढळला. बालवर्गाच्या अखेरीस चित्र पालटले. ऑस्ट्रेलियात बालवर्ग पूर्णवेळ भरतो व वाचन पद्धतशीर शिकवले जाते; तेथे वाचनातील भेदांत अनुवंशाचा वाटा सर्वाधिक होता. कोलोरॅडोत तो त्याहून कमी आणि औपचारिक वाचनशिक्षण सुरूच न झालेल्या नॉर्वे-स्वीडनमध्ये सर्वांत कमी. पहिलीचे वर्ष संपताच तेथील प्रमाणही इतरांच्या जवळपास आले. वर्षभरात मुलांची जनुके अर्थातच बदलली नव्हती! सर्वांना सारखे शिक्षण मिळू लागले की परिस्थितिजन्य तफावत आक्रसते आणि उरलेल्या भेदांत अनुवंशाचे प्रमाण वाढलेले दिसते. आनुवंशिकतेचा टक्का समूहातील भेदांविषयी बोलतो. एखादे बालक वाचू शकेल की नाही, याविषयी तो मौन पाळतो.

अवधानाचा प्रश्न याला जोडूनच येतो. अतिचंचलतेपेक्षा अनवधानाचा वाचनातील अडचणींशी संबंध अधिक घट्ट असून तो बऱ्याच अंशी सामाईक जनुकीय घटकांतून येतो, असे जुळ्यांच्या अभ्यासांत दिसते. ‘लक्ष देत नाही, म्हणून वाचता येत नाही’ हे आपल्या वर्गांतील आवडते निदान त्यामुळे अपुरे ठरते. दोन्ही अडचणी एकाच मुळातून येत असतील, तर मुलाला दटावून वाचन सुधारणार नाही. वाचनाची अडचण स्वतंत्रपणे तपासून त्यावर थेट अध्यापनच करावे लागेल.

फ्लोरिडातील जुळ्यांवरील २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने यात शिक्षकाचे स्थानही दाखवले. चांगल्या शिक्षकांच्या वर्गांत वाचनभेदांतील जनुकीय वाटा अधिक आढळला. अध्यापन कच्चे तेथे तो घटला, कारण मुलांची उपजत क्षमता प्रकटच होऊ शकली नाही.