गाठीतली जनुके मोजताना

वयस्क कुत्रीच्या स्तनाशी गाठ हाताला लागते. ती कर्करोगाची असली, तरी तिच्या पेशींत जनुके बहुतेक तीच असतात. बदलते ते कोणते जनुक किती काम करते हे. काम करणारे जनुक आपल्या मजकुराच्या आरएनए-प्रती काढते. त्या फार थोड्या असल्याने वाढवाव्या लागतात, आणि त्यासाठी आधी त्यांच्यावरून डीएनए बनवतात. पीसीआर यंत्रात तो दर फेरीला जवळपास दुप्पट होतो, म्हणजे १० फेऱ्यांत सुमारे हजारपट. जितक्या कमी फेऱ्यांत तो यंत्राला दिसू लागतो, तितक्या मूळ प्रती जास्त.

फेऱ्यांचा हा आकडा एकटा मात्र फसवा आहे, कारण नमुना मोठा असला तरीही प्रती जास्त दिसतात. गाठीचे आणि निरोगी ऊतीचे सारख्या वजनाचे तुकडे घेतले तर? तरीही भागत नाही, कारण आरएनए चटकन नासतो आणि एका तुकड्यात चरबी जास्त, तर दुसऱ्यात रक्तपेशी. म्हणून सर्व पेशींत साधारण सारखेच चालणारे संदर्भ-जनुक सोबत मोजतात आणि बाकीच्यांचे माप त्याच्या तुलनेत काढतात. त्यासाठी वर्षानुवर्षे वापरले गेलेले जीएपीडीएच हे जनुक साखरेपासून ऊर्जा मिळवण्याच्या कामातले, आणि अनेक गाठी तर साखर अधाशीपणे वापरतात! पायलीच मोठी झाली, तर धान्य कमी भरणारच. यामुळे एकावर विसंबणे मला धोक्याचे वाटते. कुत्र्याच्याच ऊतींत पारखलेली दोन-तीन संदर्भ-जनुके हवीत. माणसासाठी बनवलेली चाचणीही जशीच्या तशी चालेलच असे नाही. ती कुत्र्याच्या जनुकक्रमावर बेतावी लागते, आणि तो २००५ मध्ये टाशा नावाच्या बॉक्सर कुत्रीवरून प्रसिद्ध झाला.