खोलींतील ऊब : शेगडी व विजेचा हीटर

पौष महिना लागला म्हणजे नाशिक जिल्ह्यांतील निफाडच्या थंडीची वार्ता वर्तमानपत्रांत येऊं लागते, आणि महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या कांठीं एखाद्या पहांटे गवतावर हिमकण दिसतात. आपला प्रांत कांहीं हिमालयाच्या कुशींत नाहीं. म्हणून आपल्या घरांतून ऊब देणारी कायमची व्यवस्था सहसा नसते. थंडीचे चार आठवडे आपण कसेबसे काढतों, आणि एखाद्या कडक रात्रीं घरांतील वृद्धांसाठीं अथवा तान्ह्या मुलासाठीं कोठून तरी ऊब आणतों. ती बहुधा दोन वाटांनीं येते : एक कोळशाची शेगडी व दुसरा विजेचा हीटर. या दोहोंचे धोके निरनिराळे आहेत. ते विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस नीट ठाऊक असावेत, एवढ्याच हेतूनें हे चार शब्द आम्ही लिहीत आहों.

आमच्या बाळपणींची एक गोष्ट येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. आमच्या आजीस हींव फार बाधे. एका रात्रीं स्वयंपाकघरांतील शेगडीचे निखारे लाल झालेले व धूर पार गेलेला पाहून आम्हीं ती आजीच्या खोलींत नेऊन ठेविली, आणि वारा येऊं नये म्हणून खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या. तासाभरानें आमचें डोकें ठणकूं लागलें, पोटांत ढवळूं लागलें. आजी तर हांकेस ओ देईना. इतक्यांत वडील सहज डोकावले. त्यांनीं दार सताड उघडलें व आम्हां दोघांस ओसरीवर आणिलें. मोकळ्या हवेंत कांहीं वेळानें आजी बोलूं लागली. वडील रागावले नाहींत. “धूर गेला म्हणजे विष गेलें, असें नव्हे,” एवढेंच ते म्हणाले.

त्या वाक्याचा अर्थ आम्हांस पुढें रसायनशास्त्र शिकतांना कळला. कोळसा पूर्णपणें जळण्यास भरपूर प्राणवायु लागतो. तो पुरेसा न मिळाल्यास कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. तो डोळ्यांस झोंबतहि नाहीं. आपल्या रक्तांतील हिमोग्लोबिन हें द्रव्य फुप्फुसांतील प्राणवायु उचलून सर्व अंगास पोंचवितें. परंतु या विषारी वायूस तें प्राणवायूच्या २०० पटींहून अधिक घट्ट धरून ठेवितें. मग श्वास चालू असूनहि शरीर आंतून गुदमरतें. प्रसिद्ध फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला यांचा १९०२ सालीं पॅरिस येथील राहत्या घरीं याच वायूनें अंत झाला. धुराडें तुंबल्यामुळें तो रात्रीं त्यांच्या शय्यागृहांत सांचला होता.

जागा मनुष्य डोकेंदुखीनें सावध होण्याचा संभव असतो. निजलेला मनुष्य सावध होत नाहीं. सर्व अनर्थाचें मूळ यांतच आहे. म्हणून शेगडी ओसरीवर किंवा अंगणांत पेटवावी व तेथेंच शेकावें. निजावयाच्या खोलींत ती कधींहि नेऊं नये. शेगडीजवळ पाण्याचें भांडें ठेविलें म्हणजे भय नाहीं, अशी कित्येकांची समजूत असते. ती चुकीची आहे, कारण हा वायु पाण्यांत फारसा विरघळत नाहीं. बंद न्हाणीघरांतील गॅसच्या बंबापासूनहि हाच धोका असतो. कोणास अशी बाधा झाली, तर दारें-खिडक्या उघडून त्यास तत्काळ मोकळ्या हवेंत आणावें व विलंब न लावितां रुग्णालयांत न्यावें.

विजेच्या हीटरांत कांहीं जळत नाहीं, म्हणून त्यापासून हा वायु होत नाहीं. तो विकत घेतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी : २००० वॉटचा कोणताहि हीटर सारखीच उष्णता देतो व तासास दोन युनिट वीज खातो. भेद आहे तो उष्णता देण्याच्या रीतींत. लाल होणाऱ्या कांबेचा हीटर समोर बसणाऱ्यास लगेच ऊब देतो. पंख्याचा हीटर लहान खोलींतील हवा लवकर तापवितो. तेल भरलेला हीटर सावकाश तापतो, परंतु त्याची तप्त कांब उघडी नसते, म्हणून मुलें व वृद्ध असलेल्या घरीं तो बरा. कलंडल्यास आपोआप बंद होणारा, उष्णतेचें नियमन करणारा व आय. एस. आय. चिन्ह असलेला हीटरच घ्यावा.

आतां थोडें गणित. २००० वॉटांस २३० व्होल्टांनीं भागिलें असतां सुमारें ८.७ अँपिअर प्रवाह येतो. आपल्या भिंतीवरील लहान प्लग ६ अँपिअरचा असतो. त्यांत असा हीटर लाविल्यास तारा तापतात व आग लागूं शकते. म्हणून १६ अँपिअरचा, जमिनीशीं जोडलेला तीन छिद्रांचा प्लगच वापरावा. मध्यें जोडतार घेऊं नये. प्लग हातास गरम लागला अगर जळका वास आला, तर हीटर तत्काळ बंद करावा.

हीटरापासून पडदे, अंथरूण व लुगड्याचा पदर निदान तीन फूट दूर असावेत. त्यावर ओले कपडे वाळत घालूं नयेत, व तो न्हाणीघरांत नेऊं नये. निजण्यापूर्वीं अर्धा तास खोली तापवावी आणि मग हीटर बंद करून गोधडींत शिरावें. गोधडीस ना कोळसा लागतो, ना वीज. ती पहांटेपर्यंत इमानानें ऊब देते.

विद्यार्थिमित्रांनो, आज घरीं गेल्यावर हीटरावरील पत्र्यावर किती वॉट लिहिले आहेत तें पाहा, वरील भागाकार करा आणि उत्तर वडिलांस दाखवा. आणि शेगडी आंत आणण्याचें कोणीं मनांत आणिलें, तर धूर गेला म्हणजे विष गेलें असें नव्हे, हें त्यांस नम्रपणें सांगा. शाळेंतील गणित व रसायनशास्त्र याहून अधिक मोलाच्या कामीं क्वचितच येईल.