काळ्या मातीतली अमेरिकन गाडी

माजलगावात कुणी पॉन्टियाक जीटीओ विकायला काढली, असं ऐकिवात नाही. १९६४ साली पॉन्टियाक कंपनीने मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचं, ३२५ हॉर्सपॉवरचं इंजिन बसवलं आणि अमेरिकेत 'मसल कार'चं वेड सुरू झालं. मस्टँग, कमारो, चार्जर अशी एकेक गाडी त्या शर्यतीत उतरली. विमा महागला, १९७३ ची तेलटंचाई आली आणि ती चढाओढ थंडावली. तेव्हा खिशात पैसे नसलेली पोरं पुढे मिळवती झाली आणि त्याच गाड्यांवर लिलावात बोली लावू लागली. आपल्याकडे मात्र तीन वर्षांहून जुनी गाडी बाहेरून आणायला वर्षानुवर्षं बंदी होती. त्यामुळे त्या गाड्या आपण पडद्यावरच पाहिल्या.

पण अमेरिकन गाडी आपल्या भागात आलीच नाही, असं म्हणता येणार नाही. ती जीप होऊन आली.

१९४० मध्ये अमेरिकी लष्कराने हलक्या, चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीसाठी निविदा काढली आणि पहिला नमुना द्यायला ४९ दिवसांची मुदत दिली. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने ती पाळली. मोठं काम मात्र विलीज आणि फोर्ड यांना मिळालं. दुसरं महायुद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सुमारे साडेसहा लाख जीप बनवल्या. इंजिन अवघं २.२ लिटरचं, ताकद ६० हॉर्सपॉवर. जीटीओपुढे हे आकडे किरकोळच. पण आडव्या पावसात काळ्या रानातून, पांदणीतून जीटीओ काढून दाखवावी कुणी!

युद्धानंतर विलीजने नागरिकांसाठी 'सीजे' मालिका काढली. इकडे १९४५ मध्ये सुरू झालेल्या महिंद्राने मुंबईत माझगावला सुटे भाग जोडून जीप उभ्या करायला घेतल्या, पुढे त्या इथेच घडू लागल्या. त्यातली सीजे-३बी आपल्या डोळ्यांत बसलेली. तिचं बॉनेट उंच, कारण आतल्या नव्या 'हरिकेन' इंजिनाची उंची वाढली होती. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये थांबलं, आपल्याकडे त्याचा वंश कितीतरी वर्षं चालू राहिला. ऐंशीच्या दशकात प्युजोचं डिझेल इंजिन घेऊन एमएम-५४० आली आणि पेट्रोलचा खर्च न झेपणाऱ्यांनीही जीपचा विचार सुरू केला.

गावात मात्र ती आधी साहेबाची गाडी म्हणून शिरली. १९५२ च्या सामूहिक विकास योजनेला अमेरिकेची मदत होती आणि गटविकास अधिकारी म्हटलं की जीप हे समीकरण तेव्हापासून बसलं. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, पंचायत समित्या आल्या. जायकवाडीचं काम निघालं. सिंदफणेवरचं माजलगाव धरण आणि पैठणहून येणारा उजवा कालवा म्हणजे मैलोन्‌मैल कच्चा रस्ता. पाटबंधारे खात्याला दुसरी गाडी चालणारीच नव्हती. निवडणुकीत कर्णा जीपवर, मिरवणुकीत नवरदेव जीपवर. नंतर महिंद्राची कमांडर जीप आली आणि काळी-पिवळी टॅक्सी झाली. गढी फाट्यावर, पाथरीच्या रस्त्यावर, अधिक महिन्यात पुरुषोत्तमपुरीच्या वाटेवर माणसं मागच्या पायरीवर लोंबकळत जायची. परवान्यावर किती माणसं लिहिलीत, हे कुणी विचारायचं नाही.

सरकारी जीप म्हातारी झाली की तिचं निर्लेखन व्हायचं आणि लिलावातून ती एखाद्या बागायतदाराच्या किंवा फिटरच्या दारात यायची. हौशी मंडळी आज ज्या शोधत फिरतात, त्यातल्या बऱ्याच जीपची वाट हीच.

बघायला गेलात तर बैलाचे दात बघावेत तसा आधी चासी नंबर बघा. आरसी बुकातला नंबर आणि लोखंडावर ठोकलेला नंबर जुळला नाही, तर रंग कितीही चकचकीत असला तरी माघारी फिरा. मग ड्रायव्हरचं सीट उचला. पेट्रोलची टाकी तिथेच, बुडाखाली असते आणि तिचा तळ हमखास गंजलेला सापडतो. गियरच्या दांड्याशेजारी दोन छोटे दांडे दिसतील. एक पुढच्या चाकांना ओढ देणारा, दुसरा गती कमी करून जोर वाढवणारा. ते दोन्ही खरोखर लागतात का, हे शेतातच कळतं. युद्धकाळातली जीप असेल तर बॉनेट उघडून हेडलाइटची चिमणी नटं सैल करा. दिवे मागे वळतात आणि थेट इंजिनावर उजेड पाडतात, रात्रीच्या दुरुस्तीसाठी केलेली सोय. फोर्डच्या जीपवर तर कित्येक बोल्टांच्या डोक्यावर 'एफ' अक्षर असतं. संग्राहक ते बोल्ट मोजत बसतात!

गोची इथेच आहे. आपल्याकडच्या जीपमध्ये मूळ काय उरलेलं असतं? पेट्रोल परवडेना म्हणून डिझेल इंजिन बसलं, माणसं मावेनात म्हणून मागचा पत्रा वाढला, हूड जाऊन लोखंडी टप आला. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीची 'विंटेज' नोंद होते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार, मुदत १० वर्षं आणि क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, मोठा फेरफार चालत नाही. शिवाय ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते.

नियम करणाऱ्यांचं अगदीच चुकलं असं नाही. बाजारही तेच सांगतो. १९६८ च्या 'बुलिट' चित्रपटातली मस्टँग जानेवारी २०२० मध्ये ३७.४ लाख डॉलरला गेली, म्हणजे तेव्हाच्या भावाने साडेसव्वीस कोटी रुपये. ती पुसून-रंगवून ठेवलेली नव्हती. ज्या घरात होती तिथली मालकीण शाळेत शिकवायला तीच घेऊन जात असे. पोचे, गंज, उडालेला रंग सगळं तसंच होतं आणि पैसा त्याचाच मिळाला. मला मात्र वाटतं, डिझेल बसवलेली माजलगावची जीपही तितकीच अस्सल आहे. तिच्यावरची प्रत्येक वेल्डिंगची शिवण इथल्या गरजेतून पडलेली आहे. तिला लिलावात भाव येणार नाही, हे मान्य. म्हणून ती नकली ठरत नाही.

पण अशा जीप आता झपाट्याने भंगारात चालल्या आहेत. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते आणि त्या नोंदणीकृत केंद्रात मोडीत काढाव्या लागतात. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेच्या कामातल्या विशेष गाड्या सोडल्या तर कुणाला सूट नाही. म्हणजे लिलावातून गावात येण्याची जुनी वाट जवळपास बंद झाली.

तेव्हा तुमच्या गोठ्यामागे, कडब्याच्या गंजीआड एखादी जीप उभी असेल, तर भंगारवाल्याला वजनावर देऊ नका. आरसी बुक शोधा, आजोबांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावावर करून घ्या. काढून ठेवलेलं जुनं इंजिन कोपऱ्यात पडलं असेल तर तेही विकू नका. डॅशबोर्डवरची माहितीची पितळी किंवा पत्र्याची पट्टी घासूनपुसून चमकवायचा मोह आवरा. कागद आणि चासी शाबूत असतील, तर बाकी सगळं फिटर करून देतो.