भूकंपाच्या गणितात जिना धरला का?

नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीत जमीन हादरू लागली. धुंदलवाडी, दापचरी परिसरातली कुटुंबं ऐन थंडीत घराबाहेर, तंबूत झोपली. 1 फेब्रुवारी 2019 ला 4.1 रिश्टरचा धक्का बसला. भिंतींच्या भेगांवर तेव्हा खूप बोललं गेलं, जिन्यावर फार कमी. खरं तर वरच्या मजल्यावरची मुलं धावणार ती जिन्याकडेच.

कुडाच्या घरांना ही काळजी नव्हती. आरसीसीच्या दुमजली शाळांना आणि आश्रमशाळांना आहे. हादऱ्यात इमारतीचा सांगाडा आडवा डोलतो आणि जिन्याचा तिरका स्लॅब टेकूसारखा ते डोलणं अडवतो. जो अडवतो, तोच जास्त जोर अंगावर घेतो. जिना एका कोपऱ्यात असेल तर इमारत पिळवटते. सर्वांत घातक जागा मधल्या लँडिंगची. तिथला बीम कॉलमला अर्ध्यावर जखडतो, आणि तीन मीटरचा कॉलम दीड-दीड मीटरच्या दोन कॉलमसारखा वागू लागतो. उंची निम्मी झाली की ताठपणा आठपट होतो. शेजारचे उंच कॉलम वाकून निभावतात. हा आखूड कॉलम तिरका चिरतो. एरवी हिशेबात जिन्यावर माणसांचा चौरस मीटरला 300 किलो, गर्दीच्या ठिकाणी 500 किलो भार धरतात. ते बरोबरच आहे, पण तेवढ्यावर थांबणं धोक्याचं आहे.



आयएस 4326 हे मानक तीन मार्ग सांगतं: जिना इमारतीपासून वेगळा ठेवा, भक्कम भिंतींत बसवा किंवा त्याचं एक टोक फट सोडून सरकतं ठेवा. सरकत्या टोकाची ही फट मात्र मोकळीच राहायला हवी. 22 फेब्रुवारी 2011 ला न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये फोर्सिथ बार इमारत उभी राहिली, पण जिने कोसळले आणि वरची माणसं अडकली. तिथल्या फटी बुजल्या असाव्यात, असं चौकशीत पुढे आलं.

आपल्याकडच्या लहान इमारतीला आवाक्यातला उपाय कॉलमच्या उभ्या सळयांना वेढणाऱ्या रिंगांचा आहे. लँडिंगला जोडलेल्या कॉलममध्ये पूर्ण उंचीभर, फार तर 100 मिलिमीटर अंतरावर रिंगा हव्यात आणि त्यांची टोकं 135 अंशांत आत वळवलेली हवीत. खर्च थोड्या जास्त सळईचा.

डहाणू-तलासरी तालुक्यांत घर, शाळा किंवा आरोग्य केंद्र बांधत असाल तर भूकंपाच्या गणितात जिना धरला आहे का, हे अभियंत्याला विचारा. आणि कॉलम ओतण्याआधी तिथल्या रिंगांमधलं अंतर स्वतः टेप लावून मोजा.