परसांतील पांखरांचा खर्च कोणीं सोसावा ?

आमच्या गांवीं एका कास्तकाराच्या परसांत चिंचेचें जुनें झाड आहे. मृगाच्या सरी पडल्या कीं त्यावर गायबगळे व ढोकऱ्या घरटीं बांधतात, आणि पावसाळा सरतां सरतां पिल्लांसह उडून जातात. गेल्या माघांत मालकानें तें झाड लांकडाच्या व्यापाऱ्यास देण्याचें ठरविलें. १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्याप्रमाणें चिंचेस परवानगीवांचून कुऱ्हाड लावतां येत नाहीं. सबब अर्जाचा मसुदा करून घेण्यास तो आमच्याकडेच आला. आमची सारी नोकरी महसूल खात्याच्या दप्तरांत गेली, त्यामुळें असलीं कामें आमच्याकडे येतात. परंतु गांवांत पशुपक्ष्यांच्या आसऱ्यासाठीं जी मंडळी स्थापन झाली आहे, तिचे हिशेबनीसही आम्हीच. “झाड राखलें तर मंडळी मला काय देईल ?” असें त्यानें विचारलें, तेव्हां आम्हांस मान खालीं घालावी लागली. खात्यांत देण्यासारखें कांहीं नव्हतें. त्या प्रसंगावरून जें सुचलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

परसांत, बांधावर व पोटखराब्यांत पांखरांस, मधमाशांस व इतर निरुपद्रवी जीवांस अन्न, पाणी, आडोसा व पिल्लें वाढविण्यास जागा मिळावी, एवढाच अशा मंडळींचा उद्देश असतो. अमेरिकेंत नॅशनल वाइल्डलाइफ फेडरेशन ही संस्था १९७३ पासून अशा परसांस दाखले देत आली आहे. आपल्याकडे देवराई राखणें व उन्हाळ्यांत पांखरांसाठीं परळांत पाणी ठेवणें हें वाडवडिलांपासून चालत आलेलें आहे. यांत नुसता धर्म नसून शेतकऱ्याचा स्वार्थही आहे. गायबगळा नांगरामागें फिरून किडे व टोळ वेंचतो. गव्हाणी घुबडाचें मुख्य भक्ष्य उंदीर. आणि कांद्याच्या बियाण्याचे गोंडे मधमाशांवांचून नीट भरत नाहींत, हें बियाणें धरणारास सांगावयास नको.

मग अडतें कोठें ? अडतें तें पैशापाशीं. आणि आमच्या अनुभवानें सांगावयाचें तर, पैसा मुळींच मिळत नाहीं असेंही नव्हे. तो लावण्यास मिळतो, जगविण्यास मिळत नाहीं. मोठा नफा असणाऱ्या कंपन्यांनीं मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे शेंकडा दोन टक्के समाजकार्यास लावावे, असें २०१३ च्या कंपनी कायद्याचें १३५ वें कलम सांगतें, व पशु-वनस्पतींचें रक्षण हें त्या कार्यांच्या यादींत आहे. तीन वर्षांपूर्वीं अशाच एका देणगींतून आमच्या मंडळीनें रोपें आणलीं, दगडी डोणी बसविली व पाटी रंगविली. समारंभ झाला, छायाचित्रें निघालीं. पुढच्या उन्हाळ्यांत डोणी भरणाऱ्या व रोपांस पाणी घालणाऱ्या गड्याची मजुरी कोणत्याच सदराखालीं बसेना. देणगीदाराचें लक्ष तोंवर दुसऱ्या कामाकडे वळलें होतें. चैत्र संपण्यापूर्वींच बहुतेक रोपें वाळलीं. पाटी मात्र अजून उभी आहे.

सरकारी पैशाचीही तऱ्हा निराळी नाहीं. पंधराव्या वित्त आयोगानें २०२१-२२ ते २०२५-२६ या पांच वर्षांसाठीं ग्रामपंचायतींस जें अनुदान ठरविलें, त्यांतील शेंकडा साठ भाग पाणी व स्वच्छता यांस बांधलेला होता. उरलेल्या चाळिसांतून रस्ता, दिवे, शाळेची डागडुजी होऊन पांखरांची पाळी येणें कठीणच. २०२० सालीं सुरू झालेल्या ‘माझी वसुंधरा’ अभियानांत चांगल्या कामाबद्दल गांवांस बक्षिसें ठेविलीं. पण बक्षीस काम झाल्यावर मिळतें, त्यावर काम सुरू करतां येत नाहीं.

कायद्यानें एक वाट दाखविली आहे, ती पुष्कळ सभासदांस ठाऊक नसेल. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणें प्रत्येक पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिति असावी, व त्याच कायद्यांत स्थानिक जैवविविधता निधीचीही तरतूद आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१९ सालीं मुदत घालून, कसूर करणाऱ्या राज्यांस दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील असा हुकूम केला, तेव्हां समित्यांच्या स्थापनेस वेग आला. परंतु समिति कागदावर आली म्हणजे निधींत पैसा आला असें होत नाहीं. व्यापारासाठीं हद्दींतून वनस्पती वगैरे गोळा करणारांवर फी बसविण्याचा अधिकार समितीस आहे. पण जेथें हिरडा नाहीं, मध नाहीं, औषधी मुळ्या नाहींत, अशा कोरडवाहू गांवीं फी घ्यावी कोणाकडून? अशा ठिकाणीं निधीचें खातें असून जमेची बाजू कोरी राहते.

जेथें काम टिकलें तेथें काय झालें, हें पाहणें बोधप्रद आहे. कर्नाटकांत मंड्या जिल्ह्यांत कोक्करेबेल्लूर म्हणून गांव आहे. तेथें झोळीवाले पाणकोळी व चित्रबलाक हे मोठे पक्षी लोकांच्या मालकीच्या चिंचांवर घरटीं करतात. घरटीं असतां चिंच झोडतां येत नाहीं व मालकाचें उत्पन्न बुडतें. म्हणून वनखातें झाडामागें भरपाई देत आलें. भरपाई चिंचेच्या भावाच्या मानानें अपुरी, अशी मालकांची तक्रार आहेच; तथापि झाडें राहिलीं, पक्षी राहिले, आणि २००७ सालीं त्या जागेस राखीव दर्जा मिळाला. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास येथें समुद्रकांसवांचीं पिल्लें पाहण्यास येणारांच्या राहण्या-जेवणाचें उत्पन्न गांवकऱ्यांस होतें. पण बगळे पाहण्यास आमच्या गांवीं कोणी भाडें भरून येणार नाहीं. तेव्हां आम्हांस कोक्करेबेल्लूरचा धडाच घेतला पाहिजे : ज्याचें नुकसान होतें त्याला, थोडें कां होईना, दरवर्षीं ठरल्या दिवशीं मिळालें पाहिजे.

यास्तव आमची सूचना अशी. सुगींत खळ्यावर बलुत्याचा वाटा काढीत, त्याप्रमाणें प्रत्येक खातेदारानें एकरीं एक पायली धान्य किंवा त्याची किंमत पांखरांच्या नांवें द्यावी, व ती रक्कम पंचायतीच्या जैवविविधता निधींत रीतसर पावती घेऊन भरावी. बाहेरची देणगी येईल तिचा तिसरा हिस्सा तीन वर्षांच्या पाणी व राखणीसाठीं वेगळा ठेवण्यास देणाराची संमति आधीं घ्यावी. ती नसेल तर देणगी नम्रपणें परत करावी. हिशेब ग्रामसभेंत वाचून दाखवावा. निधीच्या हिशेबाची तपासणी कायद्यानें आवश्यकच आहे. पण शेजाऱ्यानें विचारलेला प्रश्न तपासनिसाच्या शेऱ्याहून अधिक उपयोगी पडतो, असा आमचा अनुभव आहे.

“दुसऱ्याच्या झाडासाठीं माझें धान्य कां ?” असें कोणी म्हणेल. त्याला आमचें उत्तर असें कीं, बगळा किडे वेंचतांना सातबारा पाहत नाहीं. घाण व दुर्गंधि एकाच्या अंगणांत आणि लाभ साऱ्या शिवारांत, हा व्यवहार न्यायाचा नव्हे.

त्या मालकास आम्ही दोष देत नाहीं. त्याला मुलीच्या शिक्षणाची फी भरावयाची आहे, व फी भरण्याची तारीख पांखरांसाठीं थांबत नाहीं. आमच्या विनंतीवरून अक्षय्य तृतीयेपर्यंत अर्ज न देण्याचें त्यानें कबूल केलें आहे. हा लेख लिहीपर्यंत अकरा खातेदारांनीं आपला वाटा आणून टाकला. तेवढ्यानें भागत नाहीं, पण आरंभ झाला. अर्जाचा मसुदा आमच्या पेटींत सही न होतां पडून आहे. तो तसाच राहिला कीं बाहेर काढावा लागला, हें पुढील अंकीं कळवूं.