विश्लेषण : दहशतवाद रोखण्याचे काम शांतता समितीच्या बैठकीत कसे सुरू होते? परतूरसारख्या शहरांसाठी भिवंडीचा धडा काय?

गणेशोत्सव, ईद, आंबेडकर जयंती असे सण-उत्सव जवळ आले की राज्यभरातील पोलीस ठाण्यांत शांतता समितीच्या बैठका होतात. चहा, सामूहिक फोटो, ‘सण गुण्यागोविंदाने साजरे करा’ असे आवाहन आणि दुसऱ्या दिवशी चार ओळींची बातमी. त्यामुळे अनेकांना ही बैठक निव्वळ उपचार वाटते. मात्र दंगल आणि दहशतवाद रोखण्याची सुरुवात याच खोलीतून होऊ शकते, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. ती कशी होते आणि कुठे फसते?

परतूरचा याच्याशी संबंध काय?

परतूर हे जालना जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, त्याआधी हा तालुका परभणी जिल्ह्यात होता. मनमाडहून नांदेडकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर जालना आणि परभणी यांच्या मध्ये परतूर स्थानक आहे. याच मार्गावरील शहरांनी अवघ्या अडीच वर्षांत स्फोटांची मालिका पाहिली. २१ नोव्हेंबर २००३ रोजी परभणीतील मशिदीत स्फोट झाला. २७ ऑगस्ट २००४ रोजी, शुक्रवारी, जालना आणि पूर्णा येथे एकाच दिवशी स्फोट झाले. ६ एप्रिल २००६ रोजी नांदेडमधील एका घरात स्फोट होऊन दोघांचा मृत्यू झाला. परतूरमध्ये यातले काही घडले नाही. पण दोन्ही बाजूंच्या शहरांत घडले. त्यामुळे ‘आपल्याकडे असे काही होत नाही’ हा युक्तिवाद इथे फारसा टिकत नाही.

दंगल आणि दहशतवाद यांचा संबंध आहे का?

आहे, असे न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल सांगतो. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींत ९०० जणांचा बळी गेल्याची नोंद आयोगाने केली. त्यानंतर १२ मार्च १९९३ च्या साखळी बॉम्बस्फोटांत २५७ जण ठार झाले. या दोन घटनांमध्ये कार्यकारणसंबंध दिसतो, असे आयोगाने म्हटले. याचा अर्थ स्फोट समर्थनीय ठरतात असा नाही. दंगलीत होरपळलेल्या वस्तीतील संताप हा कट रचणाऱ्यांसाठी कच्चा माल ठरतो, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून दंगल टाळणे हे दहशतवाद रोखण्याच्या कामाचाच भाग मानले जाते.

भिवंडीत नेमके काय केले गेले?

भिवंडीने १९७० आणि १९८४ मध्ये भीषण दंगली पाहिल्या होत्या. १९८८ मध्ये तेथे पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी सुमारे ७० मोहल्ला समित्या उभ्या केल्या. नेहमीच्या पुढाऱ्यांऐवजी त्यांनी गल्लीतील साध्या माणसांना समितीत घेतले. दोन्ही समाजांतील माणसे आणि त्या भागातील पोलीस नियमित एकत्र बसू लागले. या बैठकांत नळ, कचरा, शेजाऱ्यांची भांडणे असे रोजचे विषयही येत. यातून पोलीस आणि रहिवासी एकमेकांना नावाने ओळखू लागले. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा शेजारची भिवंडी शांत राहिली. १९९४ मध्ये मुंबईतही ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समितीची चळवळ सुरू झाली.

मग ही यंत्रणा कुठे कमी पडते?

त्याचेही उदाहरण भिवंडीच आहे. जुलै २००६ मध्ये कब्रस्तानाजवळील जागेवर पोलीस ठाणे बांधण्यावरून तेथे वाद पेटला. पोलीस गोळीबारात दोन जण आणि त्यानंतरच्या हिंसाचारात दोन पोलीस मृत्युमुखी पडले. मोहल्ला समित्या निष्क्रिय झाल्याची चर्चा त्यानंतर झाली. अधिकाऱ्यांची बदली होते, नवा अधिकारी नव्याने सुरुवात करतो आणि बैठक पुन्हा सणापुरती उरते. शांतता समितीला स्वतंत्र कायद्याचा आधार नसल्याने ती कशी चालवायची, हे बरेचसे ठाणेदाराच्या इच्छेवर राहते.

तपास फसला तर काय होते?

८ सप्टेंबर २००६ रोजी मालेगावात शुक्रवारच्या नमाजानंतर झालेल्या स्फोटांत ३० हून अधिक जणांचा बळी गेला. २००१ मध्ये दंगल पाहिलेल्या या शहरात त्या दिवशी हिंदू-मुस्लिम दंगल उसळली नाही. मात्र या प्रकरणात पकडलेल्या मुस्लिम तरुणांपैकी आठ जणांना विशेष न्यायालयाने २०१६ मध्ये आरोपमुक्त केले. २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटात सहा जण ठार झाले. त्या खटल्यातील सातही आरोपींची ३१ जुलै २०२५ रोजी पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता झाली. दोन्ही घटनांत आरोपी वेगवेगळ्या समाजांचे होते. बळी गेलेल्यांच्या कुटुंबांपुढचा प्रश्न मात्र एकच राहिला, मग हे केले कोणी? न्यायाची ही पोकळी संशयाने भरते. त्यामुळे अचूक तपास हा सलोख्याचाही मुद्दा आहे.

मोबाइलमुळे काय बदलले?

वेग. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच जणांना ठार केले. ते भिक्षुकी करून पोट भरणाऱ्या भटक्या समाजातील होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात स्टेटसवरून तणाव उसळला. धर्म, जात, भाषा यांवरून वैर वाढवणारा मजकूर पसरवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ नुसार गुन्हा आहे. ‘मी फक्त फॉरवर्ड केले’ म्हटल्याने सुटका होईलच असे नाही.

घरातला मुलगा भरकटत असेल तर?

२०१६ मध्ये परभणीतील काही तरुणांना आयसिसशी संबंध असल्याच्या संशयावरून दहशतवादविरोधी पथकाने अटक केली होती. पुढे तो तपास एनआयएकडे गेला. ऑनलाइन प्रचाराच्या प्रभावाखाली आलेल्या, पण गुन्हा न केलेल्या तरुणांचे कुटुंबीय आणि धर्मगुरूंच्या मदतीने समुपदेशन करण्याचा मार्गही या पथकाने वापरला आहे. पण तो मार्ग खुला होण्यासाठी घरच्यांनी वेळेत बोलले पाहिजे. पोलिसांत गेलो तर मुलगाच आत जाईल, अशी भीती असेल तर आई-वडील गप्प बसतात. ही भीती कमी करायची तर ठाण्यात ओळखीचा माणूस हवा, आणि ओळख संकटाच्या दिवशी होत नाही.

परतूरमध्ये काय करता येईल?

नवी योजना लागत नाही. गावात पोलीस पाटील आहेत. १५ ऑगस्ट २००७ रोजी सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेचा अनुभव गाठीशी आहे. बैठक सणाआधी एकदा न घेता दर महिन्याला घेणे, समितीत महिला, कॉलेजचे विद्यार्थी, व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन आणि रिक्षाचालक घेणे, अफवेची खातरजमा करण्यासाठी ठाण्याचा एक क्रमांक सर्वांकडे असणे, अधिकारी बदलला तरी समितीची नोंदवही कायम ठेवणे, एवढे भिवंडीच्या अनुभवातून घेता येते. आरक्षणाच्या प्रश्नावरून जिल्ह्यात २०२३ पासून मराठा आणि ओबीसी समाजांत ताण जाणवतो आहे. त्यामुळे ही समिती केवळ हिंदू-मुस्लिम प्रश्नापुरती ठेवूनही चालणार नाही.

समन्वय जमतो, हेही दिसले आहे. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबरला एकाच दिवशी आले. विसर्जनाच्या बंदोबस्तावर ताण नको म्हणून मुंबईत मुस्लिम संघटनांनी ईदचा जुलूस दुसऱ्या दिवशी काढण्याचे ठरवले आणि सरकारने २९ तारखेला सुट्टी दिली. हा निर्णय रस्त्यावर दोन मिरवणुका समोरासमोर आल्यावर घेता आला नसता. तो आधी, बैठकीतच घ्यावा लागतो.